स्नायूंचा कारभार : प्रस्तावना

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना हमरस्ता पनवेल सोडून खोपोलीच्या रोखाने निघाला, म्हणजे खालापूर तालुक्याच्या हद्दीत, पाताळगंगेच्या खोऱ्यात, लोधिवली हे गाव लागते. एका अंगाला इर्शाळगडाचा सुळका आणि प्रबळगडाचे पठार, दुसऱ्या अंगाला रसायनी-मोहोपाड्याचे कारखाने, पुढे बोरघाटाची चढण आणि उत्तरेस कर्जत तालुक्यातले माथेरान, अशा चतुःसीमेच्या या मुलखात कारखानदारी येऊन अनेक दशके लोटली असली, तरी माणसाच्या अंगबळाचा हिशेब अद्याप पुरता यंत्राच्या खाती वर्ग झालेला नाही. आषाढात गुडघाभर चिखलात ओणवून भाताची लावणी करणारी कुटुंबे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर बिऱ्हाड हलविणारे कातकरी, डोईवर मोळी घेऊन डोंगराची वाट उतरणाऱ्या ठाकर बायका, ही माणसे ज्यांच्या नित्य दृष्टीस पडतात त्यांना स्नायू हा विषय समजावून सांगण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. दंड, मांडी, पोटरी, पाठ, जेथे बळ दिसते तेथे स्नायू, आणि लहान मूल मूठ वळून बेटकुळी काढून दाखविते ती त्या बळाची पहिली सनद, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. ती खोटी नाही. पण ती निम्म्याहून कमी विषयाला पुरते, आणि जो भाग तिच्या बाहेर राहतो त्याच्यावर आपला प्राण अवलंबून असतो.

हमरस्त्यालगत लोधिवलीस धीरूभाई अंबानी यांच्या नावाचे रुग्णालय आहे, आणि जेथे हमरस्ता तेथे अपघात हे ओघानेच आले. अशा एखाद्या अपघातात छातीच्या पातळीवर कणा मोडून आतला मज्जारज्जू तुटलेल्या माणसाची अवस्था वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एकदा लक्षपूर्वक पाहिली, की स्नायुशास्त्राचा गाभा त्याच्या ध्यानात आलाच म्हणून समजावे. पाय हलविण्याची इच्छा शाबूत असते. पायाचे स्नायूही जागच्या जागी असतात, विजेचा लहानसा धक्का दिला तर ते आखडूनही दाखवितात. परंतु मेंदूतून निघालेला हुकूम मोडलेल्या मणक्यापाशी अडतो आणि खाली पोहोचत नाही. त्याच देहातले हृदय मात्र या सगळ्या उत्पाताची फारशी दखल न घेता चालू राहते, आणि आतडी पहिले काही दिवस स्तब्ध राहिली तरी पुढे आपले काम आपण होऊन पुन्हा हाती घेतात. मेंदूशी दळणवळण तुटले असता एक स्नायू कायमचा निकामी व्हावा, दुसऱ्याने थोडा खोळंबून पुन्हा कामास लागावे आणि तिसऱ्याने क्षणभरही थांबू नये, हे कसे? या तिघांची घडण इतकी भिन्न आहे काय? या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या शतकात हाती आले ते बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आहे : तिघांचे मूळ यंत्र जवळजवळ एकच आहे, आणि भेद आहे तो त्या यंत्राला हुकूम कोठून, कसा आणि किती वेगाने मिळतो यात. या पुस्तकाचे प्रतिपाद्य काय ते इतकेच.

यंत्राचे वर्णन आधी उरकून घेऊ. स्नायूच्या पेशीत दोन प्रथिनांचे बारीक तंतू असतात. पातळ तंतू ॲक्टिनचा, जाड तंतू मायोसिनचा. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ च्या सुमारास ही दोन प्रथिने काचपात्रात एकत्र करून त्यांचे धागे ओढले व त्यांवर एटीपी नावाचे शक्तिद्रव्य घातले, तेव्हा ते निर्जीव धागे डोळ्यांदेखत आखडले. जिवंत प्राण्याची म्हणून जी हालचाल आपण मानतो ती काचेच्या नळीत घडून आली, याचे त्या शास्त्रज्ञांना वाटलेले आश्चर्य आजच्या वाचकालाही वाटावे, इतकी ती गोष्ट मोठी आहे. हे धागे आखडतात म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा पुढे १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकातील दोन निबंधांनी केला. एक अँड्र्यू हक्स्ले आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ले आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्स्ले एकमेकांचे नात्याने कोणी लागत नव्हते. त्यांनी दाखविले ते असे, की तंतूंची लांबी कमी होत नाहीच. जाड तंतूवरील असंख्य सूक्ष्म हात पातळ तंतूला धरतात, ओढतात, सोडतात व पुन्हा पुढे धरतात, आणि अशा रीतीने तंतू एकमेकांत सरकल्यामुळे स्नायू आखूड होतो. हा ओढण्याचा मुहूर्त ठरविते ते कॅल्शियम. ते पेशीतील आपल्या कोठारातून किंवा पेशीबाहेरून आत आले की काम सुरू, परत गेले की काम बंद. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी : धरलेला हात सोडण्यासाठीही एटीपी लागतो. मृत्यूनंतर काही तासांनी प्रेत ताठते ते याच कारणाने. शक्तीचा पुरवठा संपल्यामुळे जो हात जेथे धरलेला असतो तो तेथेच अडकून राहतो. सैल पडणे म्हणजे काहीच न करणे, ही आपली कल्पना निदान स्नायूंच्या बाबतीत टिकत नाही.

आता पहिला कारभार, हुकमी स्नायूंचा. हाडांना कंडरांनी जखडलेले हे स्नायू सहाशेंहून अधिक आहेत आणि प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग त्यांचाच असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशींची, म्हणजे त्या ग्रंथाच्या भाषेत स्नायूंची, संख्या पाचशे सांगितली असून त्यांपैकी चारशे हातापायांत आहेत असे म्हटले आहे. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे सिद्ध करण्याचा जो उद्योग हल्ली जोरात आहे त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री कुजत ठेवून, मग त्याचा एकेक थर हळूहळू खरवडून आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, अशी जी रीत त्या ग्रंथाने घालून दिली आहे, ती प्रत्यक्ष प्रमाणावर इतका भर देते, की मोजणीतील शे-दीडशेचा फरक तिच्यापुढे गौण वाटावा.

या स्नायूची एकेक पेशी म्हणजे एक लांबच लांब तंतू असून अनेक पेशी एकजीव होऊन तो बनलेला असतो, म्हणून त्यात केंद्रकेही अनेक असतात; सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर आडवे पट्टे दिसतात ते वर सांगितलेल्या दोन तंतूंच्या शिस्तवार मांडणीमुळे. मज्जारज्जूतून निघालेला एकेक मज्जातंतू आपल्या वाट्याच्या स्नायुतंतूंना जाऊन भिडतो आणि त्याच्या टोकातून ॲसेटिलकोलिन हे द्रव्य स्रवले की त्याच्या ताब्यातील सर्व तंतू एकदम आखडतात, अर्धवट कोणी आखडत नाही. बुबुळ फिरविणाऱ्या स्नायूत एका मज्जातंतूच्या ताब्यात दहा-वीस तंतू असतात, तर पोटरीत हजाराहून अधिक. म्हणूनच डोळा अक्षरावरून अक्षरावर इतका बारकाईने सरकतो आणि पोटरीला तसले नाजूक काम सांगून उपयोग नसतो. आपण फूल उचलतो त्याच हाताने पाण्याचा हंडाही उचलतो, ते मेंदू कमी-अधिक तुकड्या कामावर लावतो आणि त्यांना कमी-अधिक वेगाने हुकूम सोडतो म्हणून.

या तुकड्यांतही दोन जाती आहेत. काही तंतू संथ; त्यांत प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन विपुल असल्यामुळे ते लालभडक दिसतात, शक्ती बेताबेताने खर्च करतात आणि तासन्‌तास थकत नाहीत. काही तंतू चपळ; ते फिकट असतात, क्षणात जोर करतात आणि तितक्याच लवकर दमतात. मांसाहारी वाचकाला हा भेद ताटातच पाहावयास सापडेल. कोंबडी दिवसभर चालते आणि उडते क्वचित, म्हणून तिची तंगडी गडद आणि छाती पांढरी. पारवा मैलोगणती उडतो, म्हणून त्याची छातीच गडद. माणसाच्या पोटरीत खोलवर जो रुंद स्नायू आहे तो बहुतांशी संथ तंतूंचा असून उभ्या माणसाला तोलून धरण्याचे बिनबोभाट काम त्याच्याकडे असते. शर्यतीत धावणाऱ्याचे सगळे लक्ष वरच्या फुगीर स्नायूवर असते आणि वर्तमानपत्रातली छायाचित्रेही त्याचीच येतात. पण शेताच्या बांधावर, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा चौकीवरच्या पहाऱ्यात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा खरा आधार आतला असतो.

माथेरानचे उदाहरण या पुस्तकात मी पुनःपुन्हा घेतले आहे, कारण स्नायूंच्या कामाचा असा उघडा आखाडा दुसरा सापडणे कठीण. मोटारींना तेथे मज्जाव. दस्तुरी नाक्यापाशी गाडी सोडावी लागते, आणि तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षात बसून जावयाचे. एक गडी पुढे दांडीला आणि दोघे मागून रेटणारे अशी ही रिक्षा लाल मातीच्या वाटेने चालत आली. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तो योग्यच होता, आणि इतक्या उशिरा का द्यावा लागला, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या अखत्यारीबाहेरचा आहे. अखत्यारीतली गोष्ट अशी की ती रिक्षा चढणीवर ओढताना मांडीचे स्नायू आखूड होत होत जोर करतात, आणि उतरणीवर तीच रिक्षा आवरून धरताना तेच स्नायू जोर करीत करीत लांबत जातात. पाहणाऱ्याला चढण अवघड वाटते, आणि दम चढणीवरच लागतो, हे खरे; परंतु स्नायूला इजा होते ती उतरणीवर. ताणले जात असतानाच आखडण्याचा हुकूम पाळावा लागल्यामुळे तंतूंच्या मांडणीत सूक्ष्म फाटाफूट होते, आणि म्हणून इर्शाळ किंवा प्रबळ एका दमात चढून उतरलेल्या शहरी पाहुण्याच्या मांड्या त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात आणि जिना उतरताना त्याला कठड्याचा आश्रय घ्यावा लागतो. याचा दोष लॅक्टिक आम्लावर टाकण्याची रूढी व्यायामशाळांतून अजून गेलेली नाही. ते आम्ल श्रम थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून निवळून गेलेले असते, तेव्हा परवाच्या दुखण्याचा आरोप त्याच्यावर ठेवणे अन्यायाचे आहे. फाटलेले तंतू दुरुस्त होताना अधिक चिवट होतात, आणि तीच वाट पुन्हा उतरताना दुखणे पुष्कळ कमी होते. वाटाड्या हसतो आणि पाहुणा कण्हतो यात जातिवंत ताकदीचा भाग थोडा, सवयीचा अधिक.

याच डोंगरात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा माती उपसणारी अवजड यंत्रे पायवाटेने वर नेता आली नाहीत. बचावाचे काम पावसात, चिखलात, कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी करावे लागले. स्नायू जी शक्ती खर्च करतो तिच्यापैकी फार तर चौथा हिस्सा कामात उतरतो आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, हे पुस्तकी वाक्य आहे. तशा पावसात तशी चढण चढून गेलेल्या माणसाला थांबल्याबरोबर का हुडहुडी भरते, याचा जबाब त्यातच आहे. चालत्या स्नायूची ऊब बंद पडते, आणि मग देह तेच स्नायू नुसते थरथरवून ती परत मिळवू पाहतो.

हुकूम स्नायूच्या दारापर्यंत येऊनही अंमलात न येणे म्हणजे काय, हे कोकणात मण्यार दरवर्षी दाखवून देते. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्या माणसाला ती डसते. दंश इतका बारीक की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते, घोट गिळवत नाही, आणि अखेर श्वास उथळ होत जातो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावर जाऊन बसते आणि जेथून ॲसेटिलकोलिन स्रवावयाचे ते टोकच उद्ध्वस्त करते; नागाच्या विषातील द्रव्ये मज्जातंतूला हात न लावता स्नायूवरची ॲसेटिलकोलिन स्वीकारण्याची जागा अडवून धरतात. परिणाम दिसावयास एकच, पण उपायात फरक पडतो. नागाच्या दंशात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिनसारखे औषध अडलेला व्यवहार काही अंशी सुरू करू शकते, मण्यारीच्या दंशात मात्र नष्ट झालेली टोके पुन्हा उगवेपर्यंत, प्रसंगी कित्येक दिवस, रुग्णाला यंत्राने श्वास देत बसावे लागते. या सर्व काळात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येते, आणि त्याचे हृदय धडधडत असते, कारण हृदय या दारातून हुकूम घेतच नाही. मांत्रिकापाशी गेलेला प्रत्येक तास श्वासाच्या हिशेबातून वजा होतो, एवढी ताकीद येथेच देऊन ठेवतो.

दुसरा कारभार अनैच्छिक, अरेखित स्नायूंचा. आपण घास चावतो आणि जिभेने मागे लोटतो तोवर तो आपल्या मर्जीतला. अन्ननलिकेच्या वरच्या तृतीयांश भागात हुकमी जातीचे तंतू असतात, मधल्या भागात दोन्ही जातींची सरमिसळ, आणि खालच्या भागात केवळ अरेखित. एका विताच्या आत राज्य बदलते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या स्नायूची पेशी लहान, दोन्ही टोकांना निमुळती, एकच केंद्रक असलेली. ॲक्टिन व मायोसिन तेच, परंतु पट्ट्यांची शिस्त नसल्यामुळे ती पुष्कळच ताणली जाऊ शकते. तिला आज्ञा अनेक दिशांनी येतात : मज्जातंतूंकडून, रक्तातील संप्रेरकांकडून, शेजारच्या पेशीकडून, नुसत्या ताणाकडूनसुद्धा, आणि आतड्यांच्या भिंतीत तर ताल धरणाऱ्या स्वतंत्र पेशीच असून त्यांच्यामुळे जठरात मिनिटाला सुमारे तीन आणि लहान आतड्याच्या आरंभी सुमारे बारा लाटा उठत असतात. काम संथ चालते. मात्र एकदा आखडल्यावर फारशी शक्ती न खर्चता तसेच धरून ठेवण्याची जी हातोटी या स्नायूला साधली आहे ती दंडाला कधीच साधली नाही. हातात बादली धरून दहा मिनिटे उभे राहून पाहावे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींनी तीच कामगिरी जन्मापासून पत्करलेली आहे. डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते, भीतीने अंगावर काटा येतो, दम्यात श्वासनलिका आवळल्या जातात, ही सारी याच स्नायूची कामे.

रक्तवाहिन्यांच्या या स्नायूचे महत्त्व सिद्ध करणारा एक मोठा अध्याय रायगड जिल्ह्यातच, लोधिवलीपासून दक्षिणेस महाडच्या परिसरात लिहिला गेला, आणि त्याची हकीगत प्रत्येक मराठी शाळेत सांगितली जावी असे माझे मत आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत. घाम, थंडगार हातपाय, मग फेसाळ खोकला आणि काही तासांत मृत्यू असा क्रम असे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवावयास प्रारंभ केला. विंचवाचे विष मज्जातंतूंना उत्तेजित करून ॲड्रेनलिनवर्गीय द्रव्यांचा पूर रक्तात सोडते. त्या पुराने सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींतील अरेखित स्नायू करकचून आवळला जातो, हृदयाला त्या आवळलेल्या वाटांतून रक्त रेटावे लागते, आणि ते हरले की फुप्फुसात पाणी साचते. बावस्करांनी येथे वापरले ते प्राझोसिन, रक्तदाबावरचे एक स्वस्त औषध, जे त्या रोहिण्यांच्या स्नायूला मिळणारा आवळण्याचा हुकूमच अडविते. त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि गंभीर दंशांत जेथे पूर्वी शेकडा तीसच्या आसपास रुग्ण दगावत तेथे हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेड्यातल्या दवाखान्यात मोठी उपकरणे नव्हती. कोणता स्नायू कोणाच्या सांगण्यावरून आवळला गेला आहे हे नेमके ओळखले गेले, आणि तेवढ्याने काम झाले.

गर्भाशय हाही अरेखित स्नायूच. एरवी पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा अवयव गरोदरपणाच्या अखेरीस सुमारे एक किलोचा होतो, त्याची एकेक पेशी कित्येक पटींनी लांबते, आणि कळांचा जोर असा की त्याच्यापुढे मल्लाचे बळ सांगू नये. या कळा बाईच्या मर्जीने येत नाहीत आणि मर्जीने थांबत नाहीत. मज्जारज्जू तुटलेल्या स्त्रियांनाही त्या येतात. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर हाच स्नायू घट्ट आवळून आपल्या तंतूंमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडे दाबून धरतो. तो सैल राहिला तर घटकाभरात बाळंतिणीच्या जिवावर बेतते. प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात ते त्याला आवळण्यास लावण्यासाठी, आणि बाळाला लगेच अंगावर पाजावे असे सुईणी सांगत आल्या त्यालाही तोच आधार आहे, कारण बाळ ओढू लागले की तेच संप्रेरक आईच्या रक्तात आपोआप उतरते.

उरला हृदयाचा स्नायू. तो पट्ट्यांनी पहिल्याचा भाऊ आणि बेहुकमी वृत्तीने दुसऱ्याचा, पण त्याचा स्वभाव दोघांहून वेगळा. त्याच्या पेशी फांद्याफांद्यांनी एकमेकींत गुंतलेल्या असून सांध्यांतून विजेचा संदेश बिनअडथळा पुढे जातो, म्हणून लक्षावधी पेशी एका पेशीसारख्या आखडतात. हुकूम बाहेरून यावा लागत नाही. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत पेशींचा जो लहानसा पुंजका १९०७ साली कीथ आणि फ्लॅक यांनी दाखविला, तोच मिनिटाला सत्तरएक वेळा ताल देतो, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख. एकदा आखडल्यावर सुमारे पाव सेकंद हा स्नायू दुसरा कोणताही हुकूम ऐकतच नाही. पोटरीला गोळा येतो तसा हृदयाला येत नाही तो या हट्टामुळे, आणि आला असता तर तो पहिला व शेवटचाच ठरला असता. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने लोटण्यापूर्वी, हिंदुस्थानातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही, परंतु अशा शस्त्रक्रियांनी एक गोष्ट निर्विवाद झाली, की सर्व मज्जातंतू तोडून एका छातीतून दुसऱ्या छातीत बसविलेले हृदय स्वतःच्या तालाने चालते. फक्त त्याचा ताल किंचित जलद असतो, कारण त्याला सबुरीने चाल म्हणून सांगणारा मज्जातंतू आता उरलेला नसतो. या स्नायूचे एक दुर्दैवही सांगितले पाहिजे. हुकमी स्नायूपाशी दुरुस्तीसाठी राखीव पेशी असतात, तर हृदयाच्या पेशी तरुणपणी वर्षाला जेमतेम एक टक्का आणि वार्धक्यात त्याच्या निम्म्याहून कमी बदलतात. झटक्यात जो भाग मरतो तेथे नुसता व्रण राहतो.

हृदय थांबवून दाखविणाऱ्या योग्यांविषयी वाचक येथे विचारणारच. बोरघाट चढून गेले की लोणावळ्यास कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन केले आणि उड्डियान, नौली या क्रियांत पोटात काय घडते ते क्षकिरण व दाबमापक घेऊन तपासले, आणि त्या प्रयोगांचे वृत्तांत 'योगमीमांसा' या आपल्या त्रैमासिकात प्रसिद्ध केले. योगाचा आदर करणाऱ्याने त्याची मोजणीही करावी, हा जो दंडक त्यांनी घातला तो मला त्यांच्या साऱ्या शिकवणुकीत मोलाचा वाटतो. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदयावर ताबा असल्याचे सांगणाऱ्या चार योग्यांना उपकरणे लावून पाहिले आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. श्वास रोखून छाती व पोट यांचे हुकमी स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटते, नाडी हातास लागेनाशी होते, ठोके ऐकू येईनासे होतात; परंतु विद्युत्‌आलेखात हृदय आखडतच असल्याचे दिसते. इच्छेला हृदयावर थेट फर्मान काढता येत नाही. तिला हुकमी स्नायूंच्या मार्फत अर्ज करावा लागतो, आणि तो अंशतःच मंजूर होतो.

हा अर्ज ज्या दारातून जातो ते दार म्हणजे श्वासपटल. छाती व पोट यांच्यामधला हा घुमटाकार पडदा घडणीने पूर्णपणे हुकमी जातीचा आहे, पट्टेदार आहे, मानेच्या मज्जातंतूंकडून आज्ञा घेतो. हृदयासारखा स्वतःचा ताल त्याच्यापाशी नाही. तरीही निजलेल्या माणसात तो रात्रभर चालतो, कारण त्याला दोन धनी आहेत. जागेपणी मोठ्या मेंदूने सांगितले तर तो थांबतो, लांबतो, गाणाऱ्याच्या तानेला पुरतो, आणि आपण सांगण्याचे सोडले की मस्तिष्कपुच्छातील केंद्र त्याचा ताबा घेते. श्वास कोंडून ठेवला, तर रक्तातला कर्बद्विप्राणिल वायू एका मर्यादेपलीकडे वाढल्यावर हे दुसरे केंद्र पहिल्याचा हुकूम रद्द करते. हट्टाने श्वास कोंडून कोणाला मरता येत नाही ते त्यामुळे. मर्जीचा अंमल कोठे संपतो आणि देहाचा स्वतःचा अंमल कोठे सुरू होतो, ही हद्द येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र कोठेही दिसत नाही. स्नायूंवरच्या पुस्तकाची सुरुवात बाहूपासून करण्याचा जो प्रघात आहे तो मोडून मी पहिले प्रकरण श्वासपटलाला दिले आहे, आणि दंड-मांड्या चौथ्या प्रकरणात गेल्या आहेत.